बाटली स्वस्त, ग्लास महाग: ब्रिटनच्या पबचं जे झालं, त्यातून सीमाभागानं काय घ्यायचं?

१४ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्रातल्या बार आणि परमिट रूम मालकांनी एक दिवस शटर खाली ओढलं. मागण्या तीन होत्या. बारमध्ये बसून प्यायलेल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला होता, परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढलं होतं आणि जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं होतं. हे सगळं कमी करा, असं मालकांचं म्हणणं.

या मागण्यांच्या मागं एक साधी तक्रार होती. तीच बाटली वाईन शॉपमध्ये स्वस्त मिळते, मग गिऱ्हाईक आमच्याकडं बसेल कशाला? तो बाटली घेतो आणि मित्राच्या खोलीवर, शेताच्या बांधावर, नाहीतर गाडीत बसतो. बाहेर पिण्यावर कर लागत नाही, आम्ही खुर्ची देतो म्हणून आम्हाला लागतो.

बार मालकांचं दुखणं ऐकून कुणाला फारसं वाईट वाटत नाही, हे खरं. पण या तक्रारीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो बारच्या गल्ल्यापुरता नाही. दारू किती प्यायली जाते, यावर आपल्याकडं रोज चर्चा होते. ती कुठे बसून प्यायली जाते, यानं काही फरक पडतो का? बेळगाव, चंदगड, सावंतवाडी, डिचोली या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न जास्त लागू आहे, कारण इथं वीस-पंचवीस किलोमीटरवर राज्य बदलतं आणि बाटलीचा भावही बदलतो.

याचं उत्तर शोधायचं तर ब्रिटनकडं बघावं लागतं. तिथं हा प्रयोग साठ वर्षं चालू आहे. फरक इतकाच, की आपल्याकडं वाईन शॉप आहे तिथं सुपरमार्केट आहे आणि परमिट रूम आहे तिथं पब.

ग्लासाच्या किमतीत दारू किती, बाकी किती?

आधी साधा हिशेब. महाराष्ट्रानं जून २०२५ मध्ये १८० मिलीच्या बाटलीसाठी, म्हणजे क्वार्टरसाठी, किमान किरकोळ किमती ठरवल्या. देशी ८० रुपये, नव्यानं आणलेली 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८ रुपये, भारतीय बनावटीची विदेशी २०५ रुपये आणि प्रीमियम विदेशी ३६० रुपये.

आता २०५ रुपयांची क्वार्टर घ्या. तिच्यात ६० मिलीचे तीन पेग होतात. समजा बारनं एक पेग १२० रुपयांना लावला. तीन पेगचे ३६०, त्यावर १० टक्के व्हॅट ३६ रुपये. बिल ३९६. चकणा आणि सोडा वेगळा. दुकानातली बाटली आणि टेबलावरची बाटली यांत १९१ रुपयांचा फरक पडला.

हा सगळा मालकाचा नफा नाही. त्यात जागेचं भाडं, वेटरचा पगार, वीज, परवाना, बर्फ, फुटलेले ग्लास हे सगळं येतं. दुकानदाराला यातलं फार थोडं लागतं. त्यानं बाटली कागदात गुंडाळली की त्याचं काम संपलं. म्हणून ग्लास बाटलीपेक्षा महाग असणारच, जगात सगळीकडं असतो. प्रश्न असतो तो फरक किती वाढू द्यायचा याचा.

ब्रिटनमध्ये बाटली किराणा सामानात कशी आली?

पब म्हणजे 'पब्लिक हाऊस'. जुन्या काळी गावातल्या एखाद्याच्या घराची पुढची खोली, जिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला बिअर मिळायची. पुढं पिढ्यान्‌पिढ्या इंग्लंड-स्कॉटलंडमधला कामगार संध्याकाळी पबमध्ये बसला. घरी बिअरच्या पेट्या आणून ठेवायची फारशी पद्धत नव्हती.

१९६१ च्या परवाना कायद्यानं बाटलीबंद दारू विकणाऱ्या दुकानांना इतर दुकानांसारखी दिवसभर विक्री करायची मोकळीक दिली. तिथून सुपरमार्केटना या धंद्यात शिरायला वाट मिळाली. १९६४ मध्ये दुसरा कायदा आला. त्याआधी उत्पादक सांगेल त्याच भावानं दुकानदारानं माल विकायचा, अशी रीत होती. ती मोडली आणि दुकानदाराला भाव पाडायची मुभा मिळाली.

सुपरमार्केटचं गणित पबपेक्षा वेगळं आहे. पबचं पोट बिअरवर भरतं. सुपरमार्केटकडं दूध, पाव, साबण, भाजी असा हजारो वस्तूंचा माल आहे. बिअरच्या पेटीवर त्यांनी काहीच कमावलं नाही तरी चालतं, कारण पेटीसाठी आलेला माणूस आठवड्याचं सामान भरून नेतो. आपल्याकडं सणाच्या आधी साखर किंवा तेल पडत्या भावात लावून गिऱ्हाईक आत ओढतात, तसंच हे. नाताळ आणि फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांच्या वेळी बिअर इतकी उतरवली जायची, की 'पाण्यापेक्षा स्वस्त' असे मथळे तिथल्या वर्तमानपत्रांत येत.

त्यात कराचा भाग आला. ब्रिटनमध्ये पबमध्ये मागवलेल्या जेवणावर २० टक्के व्हॅट लागतो. सुपरमार्केटमधल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर शून्य. अन्नावर वाचलेल्या पैशातून सुपरमार्केट दारूचा भाव पाडू शकतं, अशी तक्रार वेदरस्पून या मोठ्या पब साखळीचे संस्थापक टिम मार्टिन वर्षानुवर्षं करत आले आहेत. महाराष्ट्रातला बार मालक व्हॅटबद्दल जे बोलतो, त्याचाच हा इंग्रजी अवतार.

परिणाम हळूहळू दिसला. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते. आज ते ४५ हजारांच्या आसपास आहेत. २०१४ च्या सुमारास ब्रिटनच्या इतिहासात पहिल्यांदा पबपेक्षा जास्त बिअर दुकानांतून विकली गेली.

दोष एकट्या सुपरमार्केटचा आहे का?

नाही. इथं घाईनं निष्कर्ष काढला तर फसगत होते.

पहिलं कारण धूम्रपानबंदी. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून आणि इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंद जागेत सिगारेट ओढायला मनाई झाली. बिअरबरोबर सिगारेट लागणारा माणूस घरी बसू लागला.

दुसरं, कर. २००८ ते २०१३ या काळात बिअरवरचं शुल्क दरवर्षी महागाईपेक्षा दोन टक्के जास्त वाढवायचं धोरण होतं. शुल्क दोघांनाही सारखंच होतं, पण सुपरमार्केट ते पोटात घालू शकत होतं, पबला ते गिऱ्हाईकाच्या ग्लासावर चढवावं लागलं.

तिसरं, मालकी. १९८९ मध्ये सरकारनं मोठ्या बिअर कंपन्यांकडं असलेल्या पबच्या संख्येवर मर्यादा आणली. कंपन्यांनी पब विकले, ते मोठ्या पब-मालक कंपन्यांनी घेतले. पब चालवणारा भाडेकरू त्यांच्याकडूनच, त्यांच्याच भावानं बिअर घ्यायला बांधला गेला. बाजारात स्वस्त मिळणारी बिअर त्याला महाग पडू लागली. याला थोडी मोकळीक २०१६ च्या नियमावलीनं दिली.

चौथं कारण सगळ्यात वेगळं आहे. ब्रिटनमधली तरुण पिढी आधीच्या पिढीपेक्षा कमी पिते. दरडोई मद्यपान तिथं २००४ च्या सुमारास शिखरावर होतं, नंतर उतरलं. काही पब बंद पडले ते गिऱ्हाईक सुपरमार्केटनं पळवलं म्हणून नव्हे, तर गिऱ्हाईकच कमी झालं म्हणून.

म्हणजे स्वस्त बाटली हे एक कारण आहे, एकमेव नाही. पण ज्यांनी पिणं सोडलं नाही, त्यांची बसायची जागा बदलली. खरा मुद्दा तिथून सुरू होतो.

पिणं घरात गेलं की काय बदलतं?

पहिला बदल मापाचा. ब्रिटनच्या पबमध्ये व्हिस्की, जिन, व्होडका २५ किंवा ३५ मिलीच्या मापानं मोजूनच द्यावी लागते. घरी कुणी मोजत नाही. बाटली तिरकी केली की पडेल तेवढा पेग.

दुसरा बदल नजरेचा. दारू चढलेल्या माणसाला आणखी दारू देणं तिथल्या कायद्यानं गुन्हा आहे. प्रत्येक पबवाला तो पाळतो असं नाही, पण निदान समोर एक शुद्धीवरचा माणूस उभा असतो. आपल्याकडचा जुना वेटरही रोजच्या गिऱ्हाईकाला ओळखतो, 'बास झालं भाऊ' म्हणतो, रिक्षात बसवून देतो. घरात हे काम बायकोवर किंवा आईवर येतं आणि ती ते करायला गेली की भांडण होतं.

तिसरा बदल वेळेचा. पब बंद व्हायची एक वेळ असते. घरातल्या फ्रिजला नसते.

चौथा बदल ब्रिटनमधल्या शहरांनी पाहिला. तरुण मुलं आधी सुपरमार्केटची स्वस्त बाटली घरी रिकामी करतात आणि मग पबमध्ये जातात. दारावर पोचतात तेव्हाच अर्धी शुद्ध गेलेली. भांडण झालं तर नाव पबचं येतं, दारू दुसरीकडची असते.

या सगळ्याची कसोटी कोरोनाकाळात लागली. २० मार्च २०२० रोजी ब्रिटनमधले पब सरकारनं बंद केले. सुपरमार्केट उघडी राहिली. ब्रिटनमध्ये थेट दारूमुळं होणारे मृत्यू २०१९ मध्ये ७,५६५ होते. २०२० मध्ये ते ८,९७४ झाले. २०२३ मध्ये आकडा १०,४७३ वर गेला. जे आधी थोडं प्यायचे त्यांच्यातले बरेच जण तेवढंच पीत राहिले, काहींनी कमीही केलं. जे आधीच जास्त प्यायचे त्यांचं प्रमाण घरात बसून वाढलं. उपचार मिळायला अडचण आली, एकटेपणा होता, ही कारणंही त्यात आहेत. पण पब बंद केले म्हणजे दारूचं नुकसान कमी होतं, हा समज त्या आकड्यांनी खोटा ठरवला.

आपल्याकडंही त्या काळात असंच चित्र होतं. मे २०२० मध्ये दारूची दुकानं उघडली तेव्हा लागलेल्या रांगांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. महाराष्ट्रातले बार मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये उघडले. मधले पाच महिने दारू होती, बसायची जागा फक्त घर.

स्कॉटलंडनं काय केलं?

स्कॉटलंडमध्ये दारूनं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण ब्रिटनमध्ये फार वरचं. तिथल्या सरकारनं २०११ मध्ये 'तीन घ्या, दोनचे पैसे द्या' छापाच्या सवलती बंद केल्या. २०१२ मध्ये किमान किमतीचा कायदा केला. व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेनं तो कोर्टात नेला. लढाई पाच वर्षं चालली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला आणि १ मे २०१८ पासून तो लागू झाला.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. तिथं दारूचं एक 'युनिट' धरतात. युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. एका युनिटची किंमत ५० पेन्सपेक्षा कमी लावायची नाही, एवढाच नियम. बाटली कोणती, ब्रँड कोणता, याच्याशी संबंध नाही. आत अल्कोहोल किती, त्यावर किमान भाव. ३० सप्टेंबर २०२४ पासून तो ६५ पेन्स झाला आहे. वेल्सनं मार्च २०२० मध्ये आणि आयर्लंडनं जानेवारी २०२२ मध्ये असाच नियम आणला.

याचा फटका नेमका कुणाला बसला? तिथं साडेसात टक्क्यांच्या स्वस्त सायडरची तीन लिटरची बाटली मिळायची. सायडर म्हणजे सफरचंदाची दारू. या एका बाटलीत साडेबावीस युनिट भरतात. ती चार पौंडांच्या आसपास विकली जायची. नियमानंतर तिची किमान किंमत सव्वाअकरा पौंड झाली. एका दिवसात जवळपास तिप्पट. पबमधल्या बिअरच्या एका पिंटमध्ये सव्वादोन युनिटच्या आसपास असतात, म्हणजे किमान भाव सव्वा पौंडाच्या आत. पबचा भाव त्याच्या कितीतरी वर होता. त्यामुळं पबला या नियमाचा धक्काही लागला नाही.

निकाल काय आला? स्कॉटलंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अभ्यासानुसार दारूची विक्री सुमारे ३ टक्क्यांनी उतरली आणि थेट दारूमुळं होणारे मृत्यू, नियम नसता तर जेवढे झाले असते त्या अंदाजापेक्षा, १३.४ टक्क्यांनी कमी झाले. विक्री थोडी उतरली आणि मृत्यू त्या मानानं बरेच कमी झाले, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कडक माल महागला.

दुसरी बाजूही त्याच अभ्यासांत आहे. ज्यांना दारूचं व्यसन जडलेलं होतं, त्यांचं पिणं कमी झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्यातल्या काहींनी दारूसाठी जेवणावरचा खर्च कापला. आणखी एक गोष्ट वाणिज्याच्या नजरेनं पाहायला हवी. किमान किंमत हा कर नाही. वाढलेला पैसा तिजोरीत जात नाही, दुकानदाराच्या गल्ल्यात राहतो. तो व्यसनमुक्तीसाठी वळवावा, ही मागणी तिथं चालू आहे.

इंग्लंडनं ही वाट धरली नाही. २०१२ मध्ये घोषणा झाली, २०१३ मध्ये ती गुंडाळली. त्याऐवजी मे २०१४ पासून शुल्क आणि त्यावरचा व्हॅट मिळून होणाऱ्या रकमेखाली दारू विकायला बंदी आली. हा उंबरठा इतका खाली होता, की बिअरचा एक साधा कॅन ४० पेन्सला विकता येत होता. पुढं ऑगस्ट २०२३ मध्ये मात्र नवी पद्धत आली. पबमध्ये नळातून मिळणाऱ्या बिअरवरचं शुल्क बाटली-कॅनमधल्या बिअरपेक्षा ९.२ टक्क्यांनी कमी ठेवलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही सवलत १३.९ टक्क्यांवर नेली.

म्हणजे कुठे बसून प्यायली जाते यानं फरक पडतो, हे ब्रिटनच्या कररचनेनं आता मान्य केलं आहे. तिथं ग्लासावरचा कर बाटलीपेक्षा कमी होत आहे. महाराष्ट्रात बाटलीवरचं शुल्क वाढलं आणि ग्लासावर त्याच्या वर १० टक्के व्हॅट राहिला. दोघांची दिशा उलटी आहे.

आपल्याकडचं सुपरमार्केट

महाराष्ट्रात हा वाद २०२२ मध्ये थेट सुपरमार्केटच्या दारात आला होता. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केट आणि दुकानांत वेगळ्या कपाटातून वाईन विकायला मान्यता दिली. द्राक्ष बागायतदारांना फायदा होईल, असं कारण दिलं गेलं. विरोधी पक्षांनी टीका केली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. हरकती मागवल्या गेल्या आणि निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही.

तेव्हाची चर्चा 'वाईन म्हणजे दारू की नाही' यावर अडकली. दारू किराणा सामानाच्या पिशवीत आली की ती किराणा सामानासारखी, दर आठवड्याला, न ठरवता घरी येते, हा ब्रिटनचा अनुभव बाजूलाच राहिला.

गोव्यात तर सुपरमार्केटमध्ये दारूचं कपाट नवं नाही. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात बिस्किटांच्या रांगेपलीकडं व्हिस्कीची रांग असते. गोव्याची जुनी संस्कृती मात्र तावेर्नाची. गावातली छोटी खोली, दोन बाकं, उन्हाळ्यात हुर्राक, बाकी वर्षभर फेणी, आणि मालकाला प्रत्येकाचं घर माहीत. इंग्लंडच्या गावातल्या पबचा हा खरा चुलतभाऊ. दुकानातली स्वस्त बाटली घेऊन समुद्रकिनाऱ्यावर बसणाऱ्यांमुळं तिथं फुटक्या काचांचा प्रश्न उभा राहिला. २०१९ मध्ये गोव्यानं पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं यावर दंड लावला, एकट्याला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार रुपये. बाटली विकायची मुभा आणि बसायला जागा नाही, यातून हे होतं.

राज्य बदललं की बसायची जागा बदलते

मराठी माणूस ज्या ज्या राज्यांत पसरला आहे, तिथं हा प्रश्न वेगवेगळ्या पद्धतीनं सोडवलेला दिसतो.

महाराष्ट्रात 'परमिट रूम' म्हणजे परवाना असलेला बार. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणं पिणाऱ्याकडंही परवाना असावा लागतो, आजही लागतो, त्यावरून हे नाव आलं. तेलंगणात 'परमिट रूम' म्हणजे दारूच्या दुकानाला लागून असलेली खोली. बाटली दुकानात घ्यायची आणि तिथंच प्यायची. हैदराबादच्या मराठी माणसाला आणि सोलापूरच्या पाहुण्याला एकाच शब्दाचे दोन अर्थ माहीत असतात.

मध्य प्रदेशात या खोलीला 'अहाता' म्हणत. उमा भारती यांच्या मोहिमेनंतर १ एप्रिल २०२३ पासून सगळे अहाते बंद झाले. दुकानं राहिली. बाटली विकत मिळते, बसायचं कुठे ते ज्याचं त्यानं बघायचं. इंदूर-ग्वाल्हेरमध्ये दुकानांजवळ गाडीत बसून पिणाऱ्यांच्या तक्रारी त्यानंतर वाढल्या. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर यांसारख्या धार्मिक ठिकाणी दुकानंही बंद झाली आणि त्याच धोरणात, दुसरीकडं, फक्त बिअर-वाईनसारखी कमी तीव्रतेची दारू देणाऱ्या बारना परवानगी मिळाली.

गुजरातमध्ये दारूबंदीच आहे. वडोदऱ्यात बार नाही, त्यामुळं जे काही प्यायलं जातं ते चार भिंतींच्या आत. कर्नाटकानं १ जुलै २००७ पासून सारायी बंद केली आणि जुलै २०२३ मध्ये मद्यावरचं अतिरिक्त अबकारी शुल्क २० टक्क्यांनी वाढवलं.

प्रत्येक सरकारनं आपापल्या जागी विचार केला असेल. पण दारूची बाटली एका राज्याच्या हिशेबानं चालत नाही.

स्कॉटलंडची सीमा आणि आपली

स्कॉटलंडनं भाव वाढवले तेव्हा अनेकांना वाटलं, की लोक गाड्या भरभरून इंग्लंडमधून स्वस्त दारू आणतील. अभ्यासात तसं मोठ्या प्रमाणात आढळलं नाही. कारण सोपं आहे. स्कॉटलंडची बहुतेक वस्ती ग्लासगो-एडिनबरा पट्ट्यात आहे. तिथून सीमा ओलांडून दारू आणायची तर पेट्रोलच जास्त जळतं.

आपल्याकडं तसं नाही. गोव्यात कर कमी, म्हणून बाटली स्वस्त. बांदा, दोडामार्ग गोव्याला चिकटून, चोर्ला घाट उतरला की बेळगावकडून गोवा. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर किंवा कणकुंबीला पकडलेल्या मालाच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. 'गोवा बनावटीची दारू जप्त' हा मथळा सीमाभागातल्या बातमीदाराला झोपेतही लिहिता येतो. परवान्याशिवाय ही दारू महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात आणणं गुन्हा आहे. तरी ती येते, कारण भावातला फरक तिला ओढतो.

आणि ही दारू बारमध्ये विकली जात नाही. विकली तर परवाना जाईल. ती येते ती टपरीवर, ढाब्याच्या मागं आणि घराघरांत. म्हणजे महाराष्ट्रानं दर वाढवला की इथं दोन गोष्टी एकदम होतात. बारमधून माणूस उठतो आणि सीमेपलीकडची बाटली त्याच्या हातात येते. कर ना या राज्याला मिळतो, ना पिणाऱ्यावर कुणाची नजर राहते.

ज्या गावांत बायकांनी लढून 'आडवी बाटली' केली, त्यांना हे सगळ्यात जास्त टोचतं. महाराष्ट्रात २००८ च्या नियमानुसार गावातल्या २५ टक्के महिलांनी मागणी केली तर मतदान होतं आणि निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. दुकान दिसतं, म्हणून ते बंद करता येतं. मोटारसायकलच्या डिकीतून आलेल्या बाटलीसाठी कुठलीही मतपेटी नाही.

मग घ्यायचं काय?

बार वाढवा म्हणजे प्रश्न सुटेल, असं यातून निघत नाही. बारमधून उठून गाडी चालवणारेही आहेत, पगाराच्या दिवशी बारमध्ये पाकीट रिकामं करणारेही आहेत. 'आमच्या नजरेखाली प्यायलेली बरी' हे पब मालकांचं म्हणणं त्यांच्या धंद्याच्या सोयीचंही आहे, हे विसरून चालणार नाही.

पण ब्रिटनच्या अनुभवातून तीन गोष्टी उचलता येतात. एक, भावाचा नियम अल्कोहोलच्या प्रमाणावर बांधला तर सगळ्यात घातक माल आधी महागतो. दोन, दुकानातली बाटली आणि बारमधला ग्लास यांतला फरक सरकारच्या कराने वाढत असेल, तर पिणं कमी होण्याआधी ते घरात सरकतं. तीन, शेजारच्या राज्याचा भाव न बघता ठरवलेला दर सीमेवर टिकत नाही. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक या तीन सरकारांनी निदान किमान किमतीबद्दल एकत्र बसणं, ही मागणी सीमाभागातूनच उठायला हवी.

घरासाठी आणखी एक हिशेब आहे, तो आजच करता येतो. ब्रिटनचे डॉक्टर आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका, असं सांगतात. आपल्या क्वार्टरवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. १८० मिलीमध्ये त्या हिशेबानं सुमारे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे पावणेआठ युनिट. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत पाच युनिटच्या वर. दोन क्वार्टर झाल्या की आठवड्याची मर्यादा ओलांडली. रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेणारा माणूस आठवड्याला ५४ युनिटच्या आसपास जातो, जवळपास चौपट. बारमध्ये निदान बिलावर पेग मोजलेले असतात. घरात ते कुणीतरी मोजायला सुरुवात करावी लागेल.